आधी आईचा चष्मा

अमरावतीत माझं नाव फार कमी लोकांना ठाऊक होतं. टांगेवाल्याला 'डोक्सं पाह्यनाऱ्या बाईकडे' म्हटलं की तो बरोबर आमच्या मुलींच्या शाळेच्या फाटकाशी आणून सोडायचा. मी शाळेतली मानसशास्त्रज्ञ. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला वऱ्हाडात हा शब्द उच्चारतानाच माणसं अर्ध्यात दमायची, म्हणून त्यांनी आपल्या सोयीचं नाव ठेवलं आणि मीही ते आनंदानं घेतलं.

मात्र त्या नावामुळे गंमत व्हायची. पहिल्याच आठवड्यात एक आई मुलीला घेऊन आली. पोरीची वेणी इतकी घट्ट घातलेली की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. आईनं तिची मान माझ्यापुढे वाकवली आणि म्हणाली, "पाहा आता. काल संध्याकाळपासून फणी घेऊन बसली होती मी. एक ऊ ठेवली नाई." आमच्याच संस्थेच्या अकोल्याच्या शाळेत तर एका वडिलांनी मुलाचा सरळ गोटाच करून आणला. "बाईले नीट दिसाले पाह्यजे," म्हणाले. मुलगा रागानं माझ्याकडे पाहत होता, आणि मी पेन्सिल चावत होते.

पेन्सिलीचं आधीच सांगून टाकते. आमच्या धंद्यातली पहिली अट म्हणजे चेहरा कोरा ठेवायचा. मूल काहीही बोललं तरी 'बरोबर' म्हणायचं नाही, 'चूक' म्हणायचं नाही, भुवई हलवायची नाही. कारण मुलं उत्तर पाटीवर शोधत नाहीत, तुमच्या तोंडावर शोधतात. आणि मला तर हसण्याचा आजार. माझ्या लग्नात अंतरपाट धरल्यावर भटजींना शिंक आली, तर पलीकडून यांना फक्त माझं हसू ऐकू आलं होतं. अशा बाईनं कोरा चेहरा ठेवायचा म्हणजे दातात काहीतरी हवंच. नोकरीत मी किती पेन्सिली खाल्ल्या असतील, देव जाणे.

ही नोकरी निघाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब हे जिनिंग फॅक्टरीचे मालक. कापसाच्या कामासाठी मुंबईला जायचे. तिथल्या कुठल्याशा शाळेत त्यांनी एक मानसशास्त्रज्ञ बाई पाहिली आणि परत आले ते हट्ट धरूनच. शाळेला घंटा होती, बाग होती, टोल्यांचं घड्याळ होतं. आता एक अशी बाई पाहिजे. मी नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. केलेलं होतं. शेवटच्या परीक्षेच्या वेळी माझी मुलगी कुंदा पोटात होती, त्यामुळे ती पुढे आयुष्यभर "आमी दोघीनं एम.ए. केलं" असं सांगत राहिली. मग मुंबईला राहून चाचण्यांचं शिक्षण घेतलं, तेव्हा कुंदा अकोल्याला जुन्या शहरात माझ्या आईजवळ होती. त्या दिवसांत मी रोज रडायचे. हसण्याइतकाच तोही माझा आजार. नोकरी लागली आणि कुंदाला घेऊन अमरावतीला आमच्या घरी आले, त्या दिवशी ठरवलं की आता हिला सोडून कुठे म्हणून जायचं नाही. दर महिन्याला संस्थेच्या अकोल्याच्या मुलांच्या शाळेत जावं लागे, तर बडनेऱ्याहून गाडीत बसताना एका हातात चाचण्यांची पेटी आणि दुसऱ्या हातात कुंदा.

त्या पेटीत काय असायचं? लोकांना वाटे, डोक्याला लावायचं काहीतरी यंत्र. होते लाकडी ठोकळे, खाचांत बसवायचे वेगवेगळ्या आकारांचे तुकडे, काही चित्रं, आणि एक स्टॉपवॉच. चित्रांत काहीतरी गायब असे आणि काय गायब आहे ते मुलानं सांगायचं. एका चित्रात गायीला एकच शिंग होतं. आमच्याकडची मुलं चित्र पाहून म्हणायची, "दावं नाई." शहरात बसून ज्यानं उत्तरं ठरवली त्यानं दाव्याला शून्य गुण दिले होते. मी पूर्ण गुण द्यायचे. अमरावतीच्या रस्त्यावर बिनदाव्याची गाय दिसली तर ती कोंडवाड्यातच जाते, हे त्या माणसाला कोण सांगणार.

आणि अकोल्याचे ते गोल तुकडे. एकदा खाचांच्या पाटीतले सगळे गोल नाहीसे झाले. वर्ग शोधला, दप्तरं शोधली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून, दोरी बांधून मिरवायला निघाली. एक बैल बाकी सगळ्यांपेक्षा झोकात चालला होता, कारण त्याची चाकं परदेशी लाकडाची, गुळगुळीत, आणि त्यांवर माझ्या हातचे शाईचे आकडे. बैलाचा मालक म्हणजे गणितात नापास म्हणून माझ्याकडे धाडलेला विद्यार्थी. चारही चाकं एका मापाची निवडून त्यानं आसात बरोबर मधोमध बसवली होती. आता याला मी आकार ओळखण्यात कमी गुण कसे देऊ? मिरवणूक संपेपर्यंत मीही टाळ्या वाजवत बरोबर चालले आणि मग चाकं परत मागितली.

पण मला सांगायची आहे ती चंद्रीची गोष्ट.

परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटाच्या, आतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला नामदेवभाऊंचा गोठा होता. मूळचे वलगावचे, तिथे थोडी शेती, आणि शहरात म्हशी ठेवून दुधाचा धंदा. चंद्रकला ही त्यांची थोरली. नऊएक वर्षांची असेल, आणि तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली. वर्गात तोंड उघडत नसे. पाढा विचारला की खिडकीबाहेर पाही. वर्गाच्या बाई म्हणत, मंद आहे. सहामाहीत ती पुन्हा नापास झाली आणि नामदेवभाऊंनी ठरवून टाकलं. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होणार होती. तिला वलगावला पाठवायचं, वेचणी झाली की गोठ्यात लावायचं. "डोकं नाई तिले," ते मला दूध घालताना म्हणाले. "मास्तरीनच म्हनते. मी काहून फुकट बसवू तिले बाकावर?"

त्याच सुमाराला दादासाहेबांनी फतवा काढला. सहामाहीत नापास झालेल्या सगळ्या मुलींची चाचणी घ्यायची. ज्या पास होतील त्या वर्गात राहतील, ज्या होणार नाहीत त्यांच्या बापांना बोलावून सांगायचं की घेऊन जा. एवढं सगळं आणून ठेवल्यावर त्यांना माझा काहीतरी उपयोग झालेला पाहायचा होता. मी सांगितलं, चाचणी मुलीला घालवण्यासाठी नसते, तिला कुठे मदत हवी ते कळण्यासाठी असते. ते म्हणाले, "बाई, माह्या जिनात कापूस येते त सरकी वेगळी काढतोच ना आमी?" मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. तायडे सर भातकुलीकडचे, बौद्ध घरातले, त्यांच्या वडिलांनी शेतमजुरी करून त्यांना शिकवलेलं. सरांनी फक्त चष्मा पुसला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, नीट घ्या टेस. मले मास्तरनं तिसरीतच सांगतलं होतं का तुह्यानं काई होत नाई म्हनून."

म्हणजे चंद्रीचं सगळं आता माझ्या पेटीवर आलं. ती चाचणीत बोलली नाही, तर शाळा तिच्यासाठी संपली. आणि ती बोलत नव्हतीच.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण दरम्यान माझ्या घरात एक भलताच उद्योग चालला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

भुलाबाईचा महिना होता. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत. पण खिरापत अशी मिळत नाही. घरची मुलगी झाकलेला डबा आणते, हलवते, आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं की आत काय आहे. गोड का तिखट, कडक का मऊ, असं विचारत विचारत नाव सांगायचं. ज्या घरची खिरापत ओळखू येत नाही त्या घराचा गल्लीत मान. आया त्यासाठी काय काय करत. पलीकडच्या काकू डब्याच्या तळाशी कापड अंथरून मग करंज्या ठेवायच्या, म्हणजे आवाजच नको.

आणि आमच्या घरी रोज फुटाणे. शाळेतून मी यायचे दिवेलागणीला, आले की चूल, मग यांचं कोर्टातून येणं, मग दुसऱ्या दिवसाची तयारी. करंज्या कुठून करणार? कोपऱ्यावरच्या भडभुंज्याकडून फुटाणे आणायचे आणि डब्यात ओतायचे. डबा हलवायच्या आधीच सगळ्या पोरी एका सुरात म्हणत, "फुटानेऽऽ." मी स्वयंपाकघरातून हसायचे. मला वाटे, छान, मुलींना माहीतच आहे.

कुंदा मात्र हसत नव्हती. सात वर्षांची पोर, घराची अब्रू तिच्या डब्यात. मग तिनं उपाय काढला. तिच्याकडे गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याच मुलीकडे नव्हती अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे माझ्या चाचण्या. मुंबईहून आले तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न आधी तिच्यावर करून पाहत असे. भाकरी थापता थापता विचारायचं, ती पाटावर बसून उत्तर द्यायची. शंभरदा विचारून झालेलं, त्यामुळे तिला माझी सगळी पेटी पाठ होती. तर तिनं जाहीर केलं की आपल्या घरी खिरापत ओळखायची नाही, आपल्या घरी टेस असते. जी पोरगी बरोबर उत्तर देईल तिला दोन मुठी फुटाणे, चुकेल तिला एक. कोळशानं ओट्यावर चित्रं काढायची, ठोकळ्यांऐवजी चुलीतली चिपाडं, आणि स्टॉपवॉच म्हणून पलीकडच्या काकूंचा पोपट. पोपट ओरडला की वेळ संपली.

गल्लीतल्या मुली वेड्या झाल्या. करंज्यांच्या घरून धावत निघून फुटाण्यांच्या घरी लवकर यायला लागल्या. मी आतून ऐकत होते तो त्यांचा खिदळण्याचा आवाज. आणि चंद्री त्यांत होती. ती सगळ्यांच्या मागे, तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसायची.

चाचणीचा दिवस उजाडला कोजागरी झाल्यावर. मी खोली तयार केली, लहान टेबल, लहान खुर्च्या. आत फक्त मूल आणि मी असावं असा नियम. दादासाहेब म्हणाले, "मी काई बोलत नाई, मी फक्त बसतो." धोतराचा सोगा सावरून ते मागच्या बाकावर बसले, आणि त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून तायडे सरही बसले. दाराबाहेर नामदेवभाऊ, दुधाच्या रिकाम्या कॅना घेऊन. निकाल लागला की मुलीला तिथूनच नेणार होते.

पहिला दिवस आमच्याच गल्लीतल्या मुलींचा होता. पहिली आली शेजारची बेबी. गायीचं चित्र मी अजून पुरतं सरळ केलं नव्हतं तर म्हणाली, "शिंग." चार आकडे उलटे म्हणायला सांगणार, तर आकडे मी सांगायच्या आधीच तिनं उलटे म्हणून दाखवले. मागून दादासाहेबांचा आवाज आला, "वा वा." मी वळून पाहिलं तसे ते गप्प झाले.

मग तो प्रश्न. घराला आग लागली तर तू आधी काय करशील? याला एक असं उत्तर नसतं. मूल काय म्हणतं, त्यात किती समज आहे, ते पाहून गुण द्यायचे. बेबीनं हाताची घडी घातली आणि एका दमात म्हणाली, "आधी आईले तिचा चष्मा देईन. तिले त्याच्याबिगर काई दिसत नाई."

मी लिहून घेतलं. चांगलं उत्तर आहे, मला वाटलं, मायाळू मुलगी आहे. दुसरी आली. शिंग, उलटे आकडे, आग. "आधी आईले तिचा चष्मा देईन. तिले त्याच्याबिगर काई दिसत नाई." तिसरी आली. तिनंही आईला चष्मा दिला.

चौथी आत येत असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गल्लीत चष्मा लावणारी आई एकच होती. रोज सकाळी सगळं घर जिचा चष्मा शोधत असतं, चष्मा सापडेपर्यंत जी खुंटीवरच्या सदऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारते, ती मी. ही सगळी मुलं माझ्या कुंदाच्या आईला वाचवत होती.

पेन्सिल मी अशी चावली की शिसं तुटून जिभेवर आलं. चौथीनं चष्मा दिला. पाचवीची आई लहानपणीच गेलेली, तिनं मावशीला चष्मा दिला. दादासाहेब पुढे वाकून सरांना सांगत होते, "काय पोट्ट्या आहेत हो. एकापेक्षा एक. आन् आपल्या बाया यायले ढ म्हनत होत्या." हसू पोटातून वर येत होतं आणि त्याच्याबरोबर भीतीही. सांगावं तर सगळी चाचणी रद्द, आणि बाहेर बाप कॅना घेऊन उभा. न सांगावं तर चंद्रीही आत येऊन घोकलेलं म्हणून पास होणार, आणि एवढ्या शिकलेल्या बाईनं पोरीला चोरून पास केलं असं माझं मलाच सलत राहणार. शिवाय ते बोलायलाही ती तोंड उघडेल, याची काय खात्री?

चंद्री आली. खुर्चीच्या टोकावर बसली. मी गायीचं चित्र ठेवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर. दाराच्या फटीतून नामदेवभाऊंचा डोळा दिसत होता. मी थांबले. थांबणं हाही आमच्या कामाचा भाग आहे आणि मला तो कधीच जमला नाही, पण त्या दिवशी जमला.

"शिंग म्हनाचं आहे," ती हळूच म्हणाली. "पन हिले दावंबी नाई."

मी पुढचं विचारलं. आकडे तिनं उलटे सांगितले. ठोकळे लावले. आणि मग मी तो प्रश्न विचारला, आणि विचारतानाच डोळे मिटावेसे वाटले.

चंद्री टेबलावर बोटानं काहीतरी काढत राहिली. मग म्हणाली, "कुंदी म्हनते चष्मा दे म्हनून. पन आमच्या आईले चष्मा नाई. तिले चांगलं दिसते."

"मग तू काय करशील?" मी विचारलं. हे विचारायला नियमात परवानगी आहे.

"मी आधी म्हशी सोडीन. इळा चुलीपाशी ठेवेल असते, त्यानं दावे कापीन. म्हशी पयाल्या का सारी गल्ली जागी होते. मंग लोक पानी घेऊन येतेच. मी एकटी कोनाकोनाले हाका मारत फिरू?"

"आणि आई?"

"आई?" ती जरा चकित झाली. "आई त पयलेच बाहीर असन. सगळ्यांत पयले तिचाच आवाज यीन."

संपलं. माझा कोरा चेहरा फुटला. आधी एक फुसकारा निघाला, मग मी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. चष्मा घसरून खाली पडला. तो चंद्रीनं उचलून माझ्या हातात दिला, त्यामुळे मी आणखीच हसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

दादासाहेब उभे राहिले होते. "बाई, काय झालं? पास का नापास?"

मग मी सगळं सांगितलं. फुटाणे, भुलाबाई, पोपट, माझी कुंदा, माझा चष्मा. तायडे सरांनी रुमाल तोंडाला लावला. दादासाहेब मात्र लाल झाले. "म्हंजे ह्या साऱ्या पोट्ट्या शिकवेल उत्तरं सांगून राह्यल्या मले? आन् मी वा वा करून राह्यलो?"

"हो," मी म्हणाले. "शिकवलेली. पण दादासाहेब, यांना काही शिकवता येत नाही असं आपल्या बाया म्हणतात. सात वर्षांच्या पोरीनं भुलाबाईच्या महिन्यात, मूठभर फुटाण्यांवर, यांना सगळी पेटी शिकवली. मग मंद कोण? आणि ही चंद्री. सगळ्यांनी तोच चष्मा दिला, तो खरा कोणाचा हे हिनं एकटीनं तपासलं. आपल्या घराला लागू पडत नाही म्हणून बाजूला ठेवलं आणि स्वतःचं उत्तर काढलं. माझ्या पेटीत याच्यापुढे मोजायला काही नाही."

एवढं लांब भाषण मी त्यांच्यापुढे कधी केलं नव्हतं. दादासाहेब बसले. बराच वेळ सोगा चाळवत राहिले. मग जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही.

"माह्या जिनाले आग लागली होती. मुनीम वह्या गोया करत बसला, मी तिजोरीपाशी धावलो. कापसाच्या बंड्यांचे बैल आतच बांधेल. कोनाले आठवलं नाई. हमालाची एक म्हतारी आली, तिनं सोडले." चंद्रीकडे पाहून त्यांनी विचारलं, "इळा चुलीपाशीच ठेवते का व तुमी?"

"हव," चंद्री म्हणाली. "सापडाले पाह्यजे ना."

"राहू द्या हिले," दादासाहेब म्हणाले. "साऱ्यायलेच राहू द्या. अन् बाई, तुमीबी राहा."

तायडे सरांनी दार उघडलं. नामदेवभाऊ आत आले, पण त्यांचा चेहरा खुलला नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मुलीकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहत होते. "एवढं बोलते हे?" ते मला म्हणाले. "घरी त हू का चू करत नाई."

"तुमी कधी इचारलं तिले काही?" मीही माझी पुस्तकी भाषा सोडली होती.

"इचाराचं काय रायते पोट्टीले," ते म्हणाले आणि तिथेच थांबले. कॅनांची कडी या हातातून त्या हातात घेतली. मग चंद्रीला म्हणाले, "अन् भुरी म्हैस पयाली नाई तर? थे त ढकलल्याबिगर उठत नाई."

"तिच्या वगारीले आधी सोडीन," चंद्री म्हणाली. "मंग उठतेच थे."

नामदेवभाऊंनी मान हलवली. वेचणीला त्या वर्षी त्यांनी मजूर लावला. कॅना घेऊन ते एकटेच गेले, आणि चंद्री पाठ फिरवून वर्गात गेली. मला वाटतं, दोघांनाही एकमेकांकडे बघायची लाज वाटत होती.

त्या रात्री मी कुंदाला जवळ घेऊन विचारलं की काहून शिकवलं सगळ्यांना. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "रोज फुटानेच रायते आपल्या घरी. साऱ्या पोट्ट्या हसते." डझनावारी मुलांच्या मनातलं ओळखायचे पैसे घेणारी मी, माझ्या स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर काय चाललंय ते ओळखलं नव्हतं. हेसुद्धा मला त्याच नोकरीनं शिकवलं. पुढच्या वर्षी मी भुलाबाईसाठी रजा टाकली. अर्जात कारण काय लिहायचं हे न सुचून 'कौटुंबिक अडचण' लिहिलं, आणि सांजोऱ्या केल्या. कापड अंथरून ठेवल्या. कुंदानं ऐटीत डबा हलवला, आवाज नाही. सगळ्या पोरी गप्प. मागून तुळशीच्या कट्ट्यावरून चंद्री म्हणाली, "सांजोऱ्या. सकाळपासून वास येऊन राह्यला." कुंदा तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.

पुढे मी पेटीतले प्रश्न बदलले. शिंग हरवलेल्या गायीला दावं दिलं, मुलांनी कधी न पाहिलेल्या पत्रपेटीच्या चित्राच्या जागी विहिरीचं आलं, आणि नवे प्रश्न घरी कुंदाला विचारायचं बंद केलं. त्यावर ती बरेच दिवस नाराज होती. तिला वाटलं, आपली नोकरी गेली.

निवृत्त झाल्यावर पेटी माळ्यावर टाकली होती. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक बाई दारात उभी राहिली, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. "बाई, ओळखलं का? वलगावच्या शाळेत आहे मी आता. तिसरीचा वर्ग माह्याकडेच देते. जे पोट्टे बोलत नाई थे सारे माह्याकडे." चंद्री. कॉटन साडी, खांद्याला पर्स, आवाज मात्र तोच, हळू. मी तिला मिठीच मारली. मग ती म्हणाली, "हिची टेस घ्या ना. अशीच, गंमत म्हनून."

यांच्याकडून पेटी उतरवून घेतली. ठोकळे निम्मेच उरले होते. मी मुलीला समोर बसवलं, चेहरा कोरा केला, पेन्सिल दातात धरली आणि विचारलं, घराला आग लागली तर तू आधी काय करशील?

पोरीनं क्षणभरही विचार केला नाही. "आधी आईले तिचा चष्मा देईन," ती म्हणाली. "मंग थे सांगन, काय कराचं थे."

मी मान वर केली आणि आता कुठे नीट पाहिलं. चंद्री दाराशी उभी होती, आणि तिच्या नाकावर माझ्यापेक्षा जाड काचांचा चष्मा होता.